मिसळ खाऊन मालीश करायची नसते

रविवारी मिसळ हाणून आम्ही जुन्या गंगापूर नाक्याजवळच्या कट्ट्यावर टेकलो आणि बँकवाल्याने मान धरली. स्वतःचीच. मार्चएंडपासून आखडलीय, आणि परवा एका स्पात दीड हजार घालूनही तशीच.

"कसली केली?" वैद्यबुवांनी विचारलं. हे आमच्यातले खरेखुरे बीएएमएस.

"स्वीडिश. आधी लांब लांब हात फिरवला, मग कणकेसारखं मळलं, मग हाताच्या कडेने थापटलं."

बरोबरच केलं म्हणायचं. नाव स्वीडनचं असलं तरी ही पद्धत बसवल्याचं श्रेय योहान मेट्झगर नावाच्या डच डॉक्टरला देतात.

"हात बरा होता रे, खोलीने घात केला. एसी अठरावर. तेल बाटलीतून थेट पाठीवर, गारेगार. बासरीचा तोच तुकडा फिरून फिरून. आणि मधे नुसतं प्लायवूड! पलीकडचा गिऱ्हाईक फोनवर सिन्नरच्या प्लॉटचा भाव करत होता. डोळे मिटून मी तोच ऐकला."

"आमच्या तालमीत ये ना भो," पैलवान म्हणाला. "ना मेणबत्ती, ना बासरी. हळद-ताक घातलेल्या लाल मातीचा वास घ्यायचा आणि पालथं पडायचं."

मी एकदा पडलो होतो. पुढचे दोन दिवस शर्ट बायकोने चढवला. माझं मत तेव्हापासून न्हाव्याच्या खुर्चीतल्या चंपीला. शाम्पू हा शब्दही चंपीच्याच घराण्यातला, हे सांगून बघितलं, कोणी दाद दिली नाही.

ताई थायवाली. "अंगावर कपडे असतात, तेल नाही, खाली गादी. अंगठा, कोपर, पाय सगळं लावतात आणि ओढून ताणतात. २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलंय ते. आणि कपडे अंगावर असतात ही काही बारीक गोष्ट नाही हं. तुम्ही पुरुष एसीवर भांडताय. आम्ही आधी बघतो करणारी बाई आहे का, दाराला कडी आहे का, काय काढायचं ते नीट सांगतात का. त्याशिवाय खांदा सैल सुटतच नाही."

सगळे गप्प. मग तीच म्हणाली, "बाळंतपणात मालीशवाली यायची तशी खोली मात्र मला पुन्हा मिळाली नाही. अंधारी न्हाणी, पाट, वाटीत कोमट तेल. कंबरेवर हात ठेवला की ती थांबायची, विचारायची, इथं का गं? मग बाळाला पायांवर घ्यायची. नंतर शेगडीवर ओवा-शेपांची धुरी. मी बसल्या बसल्या झोपायचे."

"हेच!" वैद्यबुवा सरसावले. "तेल कोमट, खोली कोमट, वारा बंद. केरळी पद्धतीत लाकडाच्या द्रोणीत झोपवतात, दोन बाजूंना दोघं, चारही हात एका लयीत. डावा-उजवा फरक कळत नाही. आणि डोकं, कान, तळपाय सोडायचे नाहीत, आयुर्वेदाच्या अष्टांगहृदय ग्रंथात तसं सांगितलंय. तुझ्या स्पात तळपायाला हात लावला?"

"लावला की. गुदगुल्या झाल्या."

पैलवान उठून बँकवाल्याच्या मागे उभा राहिला.

"थांब!" वैद्यबुवा ओरडले. "त्याच अष्टांगहृदयात अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य सांगितलाय. याने आत्ता दोन रस्से मागून घेतलेत."

"तेल कुठंय? कोरडी करतो." पैलवानाचा अंगठा मानेवरून हळूहळू खाली सरकला. "इथं? इथं का?"

"नाही… जरा खाली… आई गं! तिथंच!"

"स्पात सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही ना."

पैलवानाने अंगठा तिथेच रोवून ठेवला आणि दुसऱ्या हाताने चहावाल्याला पाच बोटं दाखवली.