‘कथा असली की पुरे’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

‘सिनेमा म्हणजे गोष्ट, बाकी सगळी सजावट’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर पुढे पाठवला जातो. सोलापुरातल्या शिक्षकांच्या, हौशी नाट्यकर्मींच्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गटांतही तो फिरतो आहे, आणि त्याला मिळणारी सहज संमती पाहून त्याला सविस्तर उत्तर द्यावे असे मला वाटले. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे: कथा दमदार असेल तर ती कशीही चित्रित केली तरी अर्थ तोच राहतो, छायालेखन (कॅमेऱ्याचे काम), संकलन (दृश्यांची जोडणी) आणि ध्वनी ही पैसेवाल्या निर्मात्यांची चैन आहे, समीक्षक एखाद्या चौकटीत किंवा कटमध्ये जे अर्थ शोधतात ते दिग्दर्शकाच्या मनातही नसतात, चित्रप्रकार (प्रेमपट, युद्धपट, तमाशापट वगैरे) हे तिकिटे विकण्यासाठी लावलेले लेबल आहे, आणि सामान्य प्रेक्षकाला यातले काही कळत नसल्यामुळे त्याची चर्चा व्यर्थ आहे. अवघड परिभाषा वापरून साध्या माणसाला चित्रपटाच्या चर्चेबाहेर ठेवले जाते, हा या मजकुरामागचा राग मला समजतो. पण त्या रागातून काढलेले निष्कर्ष टिकणारे नाहीत.

अर्थ कथेत असतो आणि चित्रीकरण तो आपल्यापर्यंत नुसता पोहोचवते, हा पहिला दावा. त्याची पारख करण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या चित्रपटाकडे पाहू. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. खालची मानली गेलेली जात असलेला मुलगा आणि पाटलाची मुलगी आर्ची प्रेमात पडतात, पळून जातात, परमुलखात संसार थाटतात आणि मुलीचा भाऊ येऊन दोघांचा जीव घेतो, एवढीच त्याची कथा. अशी बातमी वर्तमानपत्रात वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. मग तीच घटना पडद्यावर पाहून माणसे सुन्न का झाली, याचे उत्तर कथेच्या त्या एका वाक्यात सापडत नाही.

शेवटचा प्रसंग जरा जवळून पाहा. हैदराबादच्या घरी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा करते, लहानगा शेजारणीबरोबर बाहेर गेलेला आहे. प्रत्यक्ष खून आपल्याला दिसत नाही. मूल घरी परत येते आणि चित्रपटातला आवाजच काढून घेतला जातो. पार्श्वसंगीत नाही, रस्त्यावरची वर्दळ नाही. रडणारे तोंड दिसते, पण रडणे ऐकू येत नाही. मग ते मूल घराबाहेर पडते आणि त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे जमिनीवर उमटत जातात. खून न दाखवणे, नजर मारेकऱ्यांवरून काढून मुलावर ठेवणे आणि ध्वनी बंद करणे हे तिन्ही निर्णय कथेत लिहिलेले नाहीत. तलवारी, किंकाळ्या आणि चढत जाणारे संगीत वापरून हेच चित्रित केले असते तर आपले सारे लक्ष मारणाऱ्यांकडे गेले असते आणि मनात सुडाची इच्छा जागी झाली असती. इथे सूड घेणारे कोणी उरलेलेच नाही, उरले आहे ते अजून बोलताही न येणारे लेकरू. त्याला यातले काय आणि कसे आठवणार, हा प्रश्न घेऊन आपण उठतो. हा प्रश्न म्हणजेच या चित्रपटाचा अर्थ आहे, आणि तो शैलीने, म्हणजे चित्रण, संकलन आणि ध्वनी यांच्या अशा निर्णयांनी, निर्माण केला आहे.

या नि:शब्दतेची तयारी फार आधीपासून झालेली असते. अजय-अतुल यांची चारही गाणी दोघे पळून जाण्यापूर्वीच संपतात. पूर्वार्धात भव्य वाद्यवृंद आहे, संथ गतीत धावणारी मुले आहेत, उसाचे मळे आणि विहिरी आहेत. हैदराबादच्या भागात एकही गाणे नाही, आहे ती झोपडपट्टीतली खोली, पोटापाण्याची धडपड आणि नवराबायकोची भांडणे. चित्रपट आपल्याकडून आधी गाणी काढून घेतो आणि शेवटी आवाजच काढून घेतो. त्यामुळे ‘गाणी नसती तरी चित्रपट तोच राहिला असता’ हे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. ती गाणी नसती, तर शेवटच्या त्या मिनिटांना आज आहे तेवढे वजन आलेच नसते.

याच संदर्भात ‘शोले’ आठवावा. १९७५ च्या त्या चित्रपटात ठाकूरच्या कुटुंबाची हत्या होते तेव्हा गोळी लागून पडणारे प्रत्येक माणूस क्षणभर पडद्यावर गोठते. लहान मुलावर बंदूक रोखली जाते आणि त्याचा मृत्यू न दाखवता दृश्य थेट आगगाडीवर जाते. मुलाच्या वाट्याची हिंसा इथेही डोळ्यांआड ठेवली आहे, म्हणजे ‘न दाखवणे’ हे तंत्र दोन्हीकडे आहे. पण त्या गाडीतून ठाकूर उतरतो, आपण त्याच्याबरोबर घरापर्यंत जातो, प्रेतांवरची वस्त्रे उचलली जाताना पाहतो आणि पुढचा सारा चित्रपट त्याच्या सुडाला साथ देतो. ‘सैराट’मध्ये न दाखवणे शेवटी येते आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणूनच शैलीचा अभ्यास म्हणजे ‘खालून लावलेला कॅमेरा म्हणजे सत्ता, लाल रंग म्हणजे हिंसा’ अशी कोष्टके पाठ करणे नव्हे. एखादी युक्ती चित्रपटात कुठे येते, तिच्या आधी काय होते आणि नंतर काय येते, यावर तिचा अर्थ ठरतो. आमच्याकडच्या काही अभ्यासवर्गांत अशी कोष्टके फळ्यावर लिहून दिली जातात, आणि पुढे फिरणाऱ्या मजकुरातला राग काही अंशी त्या शिकवण्याने ओढवून घेतला आहे असे मी म्हणेन.

तंत्र ही पैसेवाल्यांची चैन आहे, हा दुसरा मुद्दा मात्र फार वेळ घेण्याजोगा नाही, कारण त्यात शैली आणि खर्च यांची गल्लत झाली आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, माणसांपासून अंतर राखून उभा असतो. उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालय बंद होते तेव्हा माणसे निघून जातात, खिडक्या-दारे लावली जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा मात्र त्या रिकाम्या, काळोख्या दालनात थांबून राहतो. खटला सुरूच आहे, आरोपी कोठडीतच आहे आणि यंत्रणा सुटीवर गेली आहे, हे एकही वाक्य न उच्चारता आपल्याला अंगावर घ्यावे लागते. यासाठी लागला तो थांबून राहण्याचा निर्णय, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘टँजरीन’ हा अमेरिकी चित्रपट आयफोनवर चित्रित झाला, पण त्यासाठीही फोनवर खास भिंग बसवण्यात आले आणि रंग मुद्दाम भडक ठेवण्यात आले. मोबाइलवर चित्रण केल्याने शैली टळत नाही, तीही एक शैलीच असते.

समीक्षक शोधतात ते अर्थ दिग्दर्शकाच्या मनातही नसतात, हा तिसरा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. काही समीक्षक खिडकीच्या प्रत्येक गजात तुरुंग पाहतात आणि अशा वाचनाला चित्रपटात आधार नसतो. पण वाईट वाचन शक्य आहे म्हणून वाचनच निरर्थक ठरत नाही. दिग्दर्शकाच्या मनात काय होते हे आपल्याला पुष्कळदा ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते, कारण पुरावा पडद्यावर असतो. ती गोष्ट चित्रपटात पुन्हा पुन्हा येते का, मोक्याच्या जागी तिच्यात बदल होतो का, आणि तिच्याऐवजी दुसरे काही असते तर प्रसंगाचा परिणाम पालटला असता का, हे विचारून पाहता येते.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त जब्या या दलित शाळकरी मुलाचे कुटुंब गावासमोर डुक्कर पकडण्यासाठी धावत असते आणि नेमके त्याच वेळी शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे पकडलेले डुक्कर खांद्यावरून नेताना हेच कुटुंब ज्या भिंतीपुढून जाते, तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले अशा थोरांची चित्रे रंगवलेली आहेत. राष्ट्रगीत सावधान उभे राहून ऐकणारे आणि त्या राष्ट्रात माणूस म्हणून न मोजले जाणारे लोक एकाच चौकटीत, एकाच क्षणी आपल्यापुढे ठेवले जातात. हा अर्थ समीक्षकाने चिकटवला असे म्हणायचे, तर गीत त्याच क्षणी का सुरू होते आणि मिरवणूक त्याच भिंतीपुढून का जाते, याचे दुसरे कारण द्यावे लागेल. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड टवाळखोरांकडे न जाता सरळ भिंगाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. कॅमेरा एका बाजूला उभा असता तर आपण एका भांडणाचे साक्षीदार राहिलो असतो. समोर उभा असल्यामुळे दगड आपल्याला लागतो. चित्रीकरणात काही गोष्टी योगायोगाने घडतात हेही खरे आहे, पण संकलनाच्या टेबलावर तो योगायोग ठेवायचा की कापायचा हे कोणीतरी ठरवतेच.

चित्रप्रकार म्हणजे लेबल, या चौथ्या मुद्द्यावर मला आपल्या शहराच्या एका सुपुत्राचे उदाहरण द्यायचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापुरात झाला, १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. एवढा तपशील इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतो. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, कोटणीस यांची भूमिका स्वतः केली, चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री होत्या. त्या काळच्या हिंदी चित्रपटाच्या पठडीतली गाणी, प्रणय आणि त्याग यांतून हे आयुष्य उभे राहिले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या प्रेक्षकापुढे एक डॉक्टर हुतात्मा म्हणून आला. हेच तपशील घेऊन युद्धपट किंवा रुग्णालयातल्या रोजच्या कामाचा माहितीपट केला असता, तर त्या आयुष्याचा अर्थ वेगळा लागला असता.

प्रकार हा चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यातला अलिखित करार असतो. तमाशापट पाहायला बसलेल्या माणसाला फड, ढोलकी, पाटील आणि नाचीच्या नादाने होणारी घसरण यांची अपेक्षा असते. शांताराम यांच्याच ‘पिंजरा’त, १९७२ मध्ये, घसरतो तो आदर्श गुरुजी, आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली त्याला शिक्षा होते. हा धक्का बसतो, कारण करार काय आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. ‘सैराट’नेही पहिला अर्धा भाग प्रेमपटाचा करार तंतोतंत पाळला. तो पाळला नसता तर मोडताही आला नसता.

शेवटचा दावा असा की सामान्य प्रेक्षकाला यातले काही कळत नाही. ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ गाणे लागल्यावर जागा सोडून पडद्यापुढे नाचायला धावलेला प्रेक्षक त्याच खेळाच्या शेवटी खुर्चीत खिळून बसला होता. ‘ध्वनिसंकलन’ हा शब्द त्याने ऐकलेला नसेल, पण ध्वनी काढून घेतल्याचा परिणाम त्याच्यावर पुरेपूर झाला होता. सोलापूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांचे शहर आहे. इथे तेलुगू चित्रपट लागतात आणि ते पाहणाऱ्यांत तेलुगू न येणारेही असतात. नायक येण्यापूर्वी कॅमेरा त्याच्या पायांवर का रेंगाळतो, संगीत कुठे थांबते, आईचा चेहरा जवळून केव्हा दिसतो, यावरून त्यांना कोण कोणावर रागावले आहे आणि आता काय होणार हे संवाद न समजताही कळते. म्हणजे हा प्रेक्षक शैली वाचतो आणि चांगली वाचतो. त्याला जे जाणवले ते कुठून आले हे दाखवून देणे एवढेच चर्चेचे काम आहे, आणि ते साध्या मराठीत करता येते. एकाच प्रसंगाचा एक मिनिटाचा तुकडा मुलांना आधी आवाजासह, मग आवाज बंद करून आणि मग चित्र झाकून नुसता ऐकवावा. तिन्ही वेळा गोष्ट तीच असते, आणि तिन्ही वेळा मुले वेगवेगळे काहीतरी सांगतात.