शेळीचा पाला

रात्रीचे साडेदहा वाजलेत. संध्याकाळपासून डोकं तापलंय, लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

सातच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले होते. माझ्या पुढं एक बाई. तिशी-बत्तिशीची असेल. साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, पायावर सिमेंट वाळलेलं. बांधकामावरनं थेट आलेली. आजचा रोज मुठीतच होता, शंभराच्या नोटा चौघडी घालून धरलेल्या. तिनं मागितलं ते असं: वीस रुपयांचं तेल, पंधराची मसूर डाळ, दहाची चहापूड, पाव किलो साखर. तेलाला घरनं बाटली आणली होती. दुकानदार मुकाट्यानं मापून देत होता.

माझ्या मागं आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ उभे होते, आमराई बागेत फिरून आलेले. ते म्हणाले, "ताई, असं चिल्लर चिल्लर घेता म्हणूनच परवडत नाही तुम्हाला. महिन्याचं एकदम भरायचं. थोडा हिशोब शिका की."

आवाज गोड होता हो. तेच जास्त लागलं. ओरडून बोलले असते तर तिनं उलट ऐकवलं तरी असतं. तिनं मागं वळून बघितलं पण नाही. दुकानदाराला एवढंच म्हणाली, "साखर ऱ्हाऊ द्या." पैसे दिले आणि गेली.

आणि मी काय केलं? दुधाची पिशवी घेतली आणि घरी आले. तिथं तोंड उघडलं नाही, म्हणून आता इथं लिहितेय.

हिशोब शिका म्हणे! कुणाला सांगताय? जिच्या मुठीत तीनशे रुपये आहेत आणि त्यातनं तेल, डाळ, गॅस, घरभाडं, पोराची वही आणि सासूची बीपीची गोळी बसवायची आहे, तिला? सांगली-मिरज-कुपवाडमध्ये तिच्याइतका पक्का हिशोब कुठल्या सीएला येत नसेल. तीस दिवसांचा किराणा एकदम भरायला तीस दिवसांचे पैसे आधी हातात लागतात. पगार एक तारखेला खात्यावर जमा होणाऱ्याला हे सुचत नाही. जिचा पगार रोज संध्याकाळी तळहातावर येतो, तिचा महिना रोज सकाळी सुरू होतो आणि रोज रात्री संपतो.

माझी आई बेदाणा निवडायला जायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही संजयनगरला दोन खोल्यांत राहायचो, वडील मार्केट यार्डात हमाल, हळदीची पोती उचलायचे. ते घरी आले की आधी वास यायचा, मग ते यायचे. शनिवारी आईचा पगार आणि शनिवारीच बाजार. पण आई बाजाराला दिवेलागणीनंतर निघायची, बाजार उठायच्या वेळेला. तेव्हा वाटे लागतात. सकाळी पावशेराला जो भाव, त्यात संध्याकाळी अख्खा वाटा. किडका असेल, मऊ पडला असेल, पण वाटा.

वाटे घेऊन झाले की आई एका ठराविक मावशीपुढं थांबायची. फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पानं, मुळ्याचा पाला असं सगळं तिच्या मागं ढिगानं पडलेलं असायचं. आई म्हणायची, "मावशी, पाला नेऊ का? शेळीला पायजे."

आमच्याकडं शेळी नव्हती. कधीच नव्हती. दोन खोल्यांत सहा माणसं, शेळी कुठं बांधणार होतो?

पहिल्यांदा मी तिथंच बोलायला गेले, "आई, आपली कुठंय...", तर आईनं हात असा दाबला की अजून आठवतो. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग पाला पाण्यात टाकला, जून देठ सोलले, पानं एकावर एक ठेवून बारीक चिरली. रात्री मुळ्याच्या पाल्याला पीठ पेरलं. फ्लॉवरच्या पाल्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लसूण आणि मिरची. तेल म्हणाल तर चमचाभर. बाकी काम शेंगदाण्याच्या कुटावर, कूट चांगला शिजला की आमटीवर आपोआप तवंग येतो. आम्ही चार भावंडं बोटं चाटून खायचो. ही बाई हिशोब शिकलेली नव्हती, असं म्हणायचंय का तुम्हाला?

आता दुसरी बाजू. त्या गृहस्थांचं म्हणणं आकड्यात बरोबर आहे. तेलाचा डबा घेतला तर किलोमागं स्वस्त पडतो. मान्य. पण त्यातनं निघतं काय? गरिबाला तीच वस्तू महाग पडते, एवढंच. गॅस बघा. २०२५ मध्ये १४.२ किलोची टाकी साडेआठशेच्या पुढं होती, म्हणजे किलोला साठ रुपये. ज्यांच्या नावावर कनेक्शन नाही, किंवा टाकीचे पैसे एकरकमी नाहीत, ते बारक्या टाकीत किलोवर गॅस भरून घेतात आणि किलोला शंभराच्या पुढं मोजतात. ते बेकायदा आहे, धोक्याचं आहे, सगळं त्यांना माहीत आहे. पण आज रात्री चूल पेटायला आज किलोभरच लागतो ना.

आणि भरूनच ठेवायचं म्हणता, तर सांगलीत राहून म्हणताय? २०१९ चा ऑगस्ट विसरलात? आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. नदीकाठच्या किती घरांतले भरलेले डबे त्या चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर माझ्या मैत्रिणीच्या घरी गव्हाला मोड आले होते, पोतं उचललं तर तळातनं काळं पाणी गळत होतं. तिनं वर्षाचे गहू भरले होते. हिशोबानं भरले होते.

"पण आता रेशन फुकट आहे की" हे मला लगेच कुणीतरी लिहिणार. आहे. २०१३ च्या कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्यांना कार्डामागं ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. त्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही, त्या गव्हा-तांदळावर लाखो घरं उभी आहेत. माझ्या आजीनं ७२ चा दुष्काळ जतला काढला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. रेशन नसतं तर काय झालं असतं, हे आमच्या घरात कुणी सांगायला लागत नाही. पण कार्ड कुणाला, तेही बघा. आपल्या राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी शहरातली मर्यादा धरली वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. ती बाई तीनशे रोजानं महिन्यात पंचवीस दिवस कामाला गेली तर वर्षाचे नव्वद हजार होतात. म्हणजे कागदावर ती गरीब नाही! आणि धान्य मिळालं तरी कोरड्यास कशाचं करायचं? नुसता भात ताटात वाढून पोरापुढं ठेवून बघा एकदा, पोर तुमच्या तोंडाकडं बघतं. तेल, डाळ, मिरची, मीठ, हे सगळं दुकानातनंच येतं, वीस-वीस रुपयांचं.

लाडक्या बहिणीचे दीड हजार? हो, मदत होते. पुढं.

सगळ्यात जास्त चीड मला त्या व्हिडिओंची येते. 'शंभर रुपयांत चौघांचं पौष्टिक जेवण.' मागं पांढरं शुभ्र किचन, फ्रिज, मिक्सर, कुकर. मटकीला मोड आणा, नाचणीचं सत्त्व द्या, भरड धान्य खा. अगं बाई, हे तू आम्हाला सांगतेस? आजी हुलग्याचं माडगं करायची, शेंगोळ्या करायची, चिगळ आणि पाथरी बांधावरनं खुडून आणायची. घरचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, होता तोवर भाकरी ही गरिबाची होती. २०२३ साल जगभर भरड धान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं, आणि आज दुकानात शाळू गव्हापेक्षा महाग आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या भाकरी खाल्ली, त्यांच्या ताटात रेशनच्या गव्हाची चपाती आली आणि भाकरी हॉटेलच्या पाटीवर गेली. हुलगं शिजायला जेवढं जळण लागतं, त्याचा हिशोब त्या व्हिडिओत कुणी धरत नाही. सातला घरी येणारी बाई साडेआठला पोरांना वाढते. मधल्या दीड तासात पाणी भरणं आहे, भांडी आहेत.

आता दारूचं कुणीतरी काढणारच, म्हणून मीच लिहिते. हो, रोज दारूत घालवणारे नवरे आहेत, ढीगभर आहेत. त्याची शिक्षा त्या बाईला उधारीच्या वहीत रोज होते, तुम्ही वेगळी देऊ नका. आणि पोराच्या हातात पाच रुपयांची कुरकुरीत पुडी देतात हे चुकीचंच आहे. पण पाच रुपयांत रडतं पोर गप्प करणारं दुसरं काय मिळतं, तेही सांगा. पाच रुपयांचं केळं येत नाही सगळीकडं.

आई दिवसभर बेदाणा निवडायची. काळा बाजूला, पिवळा बाजूला, काड्या बाजूला. किलोच्या किलो तिच्या बोटांतनं जायचा. सुट्टीला दारात झडती व्हायची, पदरसुद्धा झटकून दाखवायला लागायचा. आम्ही विचारायचो, आई, बेदाणा कसा लागतो गं? ती म्हणायची, गोड. बस.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या मावशीचं राहिलं.

दोन-तीन वर्षं आम्ही शेळीसाठी पाला नेला. मला वाटायचं, आई काय हुशार, मावशीला पत्ताच नाही. मी पाचवीत होते त्या वेळची गोष्ट. वडिलांच्या पाठीत भरलं होतं, महिनाभर घरीच. त्या शनिवारी आई पिशवी घेऊन उभी राहिली, तर मावशी म्हणाली, "का गं, शेळी वाळलीया वाटतं?" आई काहीच बोलली नाही. मावशीनं आमची पिशवी घेतली, पाला भरला आणि पाल्याच्या मधे फ्लॉवरचे दोन गड्डे दाबून बसवले. चांगले, पांढरे, अर्ध्या किलोचे. वरनं मुठीनं मुळे कोंबले. म्हणाली, "ने. गाभण असंल तर शेळीला नुसत्या पाल्यावर ठिवू ने."

आई थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "व्हय."

एवढंच. दोघींनी शेवटपर्यंत ती शेळी मोडली नाही. मावशीचं स्वतःचं काय होतं? गोणपाटाचं एक पथारणं आणि तराजू. पण आईचा पदर जागेवर राहील, एवढं तिनं बघितलं. आणि आज माझ्या कॉलनीत, कोपऱ्यावरच्या दुकानात, ट्रॅकसूट घातलेल्या माणसानं एका बाईची पाव किलो साखर तिच्या तोंडातनं परत घ्यायला लावली.

ते गृहस्थ वाईट नाहीत. कोरोनात त्यांनी डबे वाटलेत, मी स्वतः बघितलंय. त्यांच्या आईनंही कुठल्यातरी बाजारात, कुठल्यातरी न पाळलेल्या शेळीसाठी पाला मागितला असेल, कुणी सांगावं. त्यांनी ही पोस्ट वाचली आणि ओळखलं, तर ओळखू दे.

रात्री जेवताना आईला हे सांगितलं. आता ती शहात्तरची आहे, माझ्याकडंच असते. घरात पंधरा किलोचा डबा आहे, तरी फोडणीला तेल चमच्यानंच घालते. मला वाटलं, ती चिडेल, नाहीतर तिला जुनं काही आठवेल. ती भाकरी कुस्करता कुस्करता थांबली आणि म्हणाली, "पोरं किती हायत तिला?"

मला माहीत नव्हतं.

"इच्यारायचं की गं," म्हणाली, आणि पुढं जेवली नाही.