सायटेशन कमी म्हणून पगार कमी? या फॉरवर्डचा हिशेब तपासू

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात असलेल्या माझ्या भाचीपर्यंत हे फॉरवर्ड पोचलं आणि ती ते खरं मानू लागली, म्हणून उत्तर देणं भाग आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठात पगार गुणवत्तेवर ठरतो. गुणवत्ता सायटेशनवरून, म्हणजे पेपरचा संदर्भ पुढच्या पेपरांत किती वेळा दिला गेला त्यावरून, कळते. प्राध्यापिकांची सायटेशन कमी, म्हणून पगार कमी. एकाच पदावरच्या स्त्री-पुरुषांची तुलना केली तर तफावत उरत नाही. उरलीच तर बायका पगाराची घासाघीस करत नाहीत म्हणून. आणि शेवटची ओळ, 'मुलींनी संशोधनात वर्षं वाया घालवू नयेत.'

आधी सायटेशनचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. एक गोष्ट मान्य करावी लागते: पूर्ण कारकिर्दीची बेरीज घेतली तर स्त्रियांचे पेपर आणि सायटेशन सरासरीने कमी भरतात. पण फॉरवर्ड लिहिणारा बेरजेपाशीच थांबला, वर्षांनी भागायला विसरला. २०२० मध्ये 'पीएनएएस' या नियतकालिकात हुआंग, गेट्स, सिनात्रा आणि बाराबासी यांनी १५ लाखांहून अधिक लेखकांच्या कारकिर्दी तपासल्या. ८३ देश, १३ विद्याशाखा, आणि १९५५ ते २०१० या काळात ज्यांचं प्रकाशन थांबलं असेच लेखक. एकूण पेपर पुरुषांचे सरासरी १३.२, स्त्रियांचे ९.६. दरवर्षीचे पेपर? पुरुष १.३३, स्त्रिया १.३२. म्हणजे कामाचा वेग सारखाच. फरक पडतो तो स्त्रिया क्षेत्रातून लवकर बाहेर पडतात म्हणून. बाहेर पडण्याचा धोका त्यांना दरवर्षी सुमारे १९.५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि तोही फक्त सुरुवातीच्या वर्षांत नाही, कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर. एकूण सायटेशनमधल्या तफावतीचा मोठा भागही यातूनच येतो.

एच-इंडेक्समध्ये, म्हणजे पेपर आणि सायटेशन मिळून काढलेल्या एका आकड्यात, हाच दोष आणखी मुरतो. तुमच्या १४ पेपरांना प्रत्येकी किमान १४ सायटेशन असतील, पण १५ पेपरांना प्रत्येकी १५ नसतील, तर एच १४. हा आकडा कधीच खाली येत नाही, माणूस काम थांबवून बसला तरी जुन्या पेपरांवर वाढत राहतो. म्हणून २० वर्षांत एच २० आणि १४ वर्षांत एच १४ यांत वरचढ कोणीच नाही. एचला वर्षांनी भागलं तर उत्तर दोन्हीकडे १ येतं. हा भागाकार हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडतानाच दिला होता, पण निवड समितीसमोरच्या तक्त्यात सहसा त्याचा रकानाच नसतो. बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा भाजकातून वजा करणं तर दूरच.

त्यात भर स्वतःच्या पेपरांचे संदर्भ स्वतःच देण्याची. 'जेस्टोर' या ऑनलाइन संग्रहातल्या सुमारे १५ लाख पेपरांच्या अभ्यासात पुरुष स्वतःचे संदर्भ स्त्रियांपेक्षा ५६ टक्के जास्त देताना आढळले. यावरून लगेच पुरुषांना आत्मप्रौढ ठरवू नये. ज्याच्या नावावर जुने पेपर जास्त, त्याच्याकडे संदर्भ देण्याजोगंही जास्त. पण मोजणीवर परिणाम व्हायचा तो होतोच. एचच्या उंबरठ्याला एक-दोन सायटेशन कमी पडणारे पेपर स्वतःच्या संदर्भांनी सहज पलीकडे जातात. स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये हे संदर्भ वगळून एच बघता येतो, गूगल स्कॉलरमध्ये ती सोय नाही. लग्नानंतर आडनाव बदललं की एकाच व्यक्तीचे पेपर अनेकदा दोन प्रोफाइलमध्ये विभागले जातात आणि दोन्हीकडचा एच खरा आकडा लपवतो.

आणि नाव पेपरवर लागलंच नाही तर? २०२२ मध्ये 'नेचर'मधल्या अभ्यासाने संशोधन गटांच्या नोंदी पेपरांशी ताडून पाहिल्या. गटातल्या स्त्रीचं नाव लेखकांत येण्याची शक्यता पुरुषापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी निघाली. जे मोजलंच गेलं नाही त्याचं सायटेशन कुठून येणार?

तरीही सायटेशन बाजूला ठेवू आणि पगाराकडे येऊ. न्यूझीलंडमध्ये प्रत्येक प्राध्यापकाच्या संशोधनाचं मूल्यमापन तज्ज्ञ मंडळं करत आणि ७०० पैकी गुण देत. म्हणजे फॉरवर्डला हवी ती 'गुणवत्ता' तिथे व्यक्तिगणिक नोंदलेली होती. अ‍ॅन ब्रोवर आणि अ‍ॅलेक्स जेम्स यांनी ते गुण पद आणि पगाराशी जोडले आणि २०२० मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात छापले. संपूर्ण कारकिर्दीत स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतला फरक सरासरी सुमारे चार लाख न्यूझीलंड डॉलर. संशोधनाचे गुण आणि वय मिळून त्यातला निम्म्याहून कमी फरक समजावू शकले. गुण, वय, विषय आणि विद्यापीठ सारखं असताना पुरुष असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसर असण्याचे ऑड्स दुपटीहून जास्त. (ऑड्स म्हणजे पदावर असलेल्यांचं नसलेल्यांशी गुणोत्तर, टक्केवारी नव्हे. शंभरातल्या २० स्त्रिया वरच्या पदावर असतील तर ऑड्स २०:८०. त्याची दुप्पट म्हणजे शंभरातले साधारण ३३ पुरुष, ४० नव्हे.)

'एकाच पदावर तफावत नाही' हा मुद्दा इथेच कोसळतो, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. समजा सारख्याच कामावर तो ४५ व्या वर्षी प्रोफेसर झाला आणि ती ५० व्या. ती ५१ वर्षांची झाल्यावर दोघांची तुलना करा: पद एक, स्केल एक, फरक जवळपास शून्य. मधल्या पाच वर्षांचा कमी पगार आणि त्यावर ठरणारी पेन्शन चित्रातून गायब. अन्याय प्रमोशनच्या टप्प्यावर होतो आणि तुलना प्रमोशन झालेल्यांचीच होते. सुरुवातीच्या पायरीचंही तसंच. त्याला १००, तिला ९५, दोघांना वर्षाला ३ टक्के वाढ. टक्केवारीत फरक पाचच राहतो, पण रकमेत ३० वर्षांनी तो ५ चा १२ होतो.

घासाघिशीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. २०१२ च्या प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या पदासाठी एकच अर्ज दिला, काहींना जॉनच्या नावाने, काहींना जेनिफरच्या. त्यांनी सुचवलेला पगार जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर, जेनिफरला २६,५०८. कमी सुचवण्यात प्राध्यापिकाही मागे नव्हत्या. घासाघीस झालीच नव्हती, कारण जेनिफर नावाची कोणी बाई तिथे नव्हतीच.

शेवटच्या ओळीबद्दल भाचीला एवढंच: वर्षाचं काम सारखंच भरतं, ते आकडे वर दिलेत. पहिला पेपर पाठवण्याआधी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढ आणि प्रत्येक पेपरला जोड, म्हणजे पुढे आडनाव काहीही झालं तरी नोंद एकच राहील. लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच ईमेलवर लिहून घे. अर्जात एचच्या शेजारी पहिल्या पेपरचं वर्ष आणि रजेचे महिने स्वतः लिही. समिती विचारेल म्हणून थांबू नकोस.