आतल्या बाकीच्यांचं काय?

दिग्दर्शक फ्रँक कॅप्राचा ‘सबमरीन’ काल रात्री पुन्हा पाहिला. १९२८चा मूकपट. अमेरिकन नौदलातले दोघे जिवलग दोस्त. जॅक (जॅक होल्ट) खोल समुद्रात उतरणारा पाणबुड्या, तर बॉब (राल्फ ग्रेव्हज) पाणबुडीवर. जॅकच्या बायकोवरून, बेसीवरून, दोघांचं फाटतं, ती दोस्ताची बायको आहे हे बॉबच्या गावीही नसतं. मग बॉबची पाणबुडी बुडते. तेवढ्या खोल जाऊ शकेल असा एकच माणूस, जॅक. आणि तो जात नाही.

इथे मला दर वेळी संताप येतो. भांडण बॉबशी आहे ना? मग त्याच्याबरोबर आत गुदमरणाऱ्या पोरांनी काय पाप केलं? कॅप्रा त्यांचे घामाने निथळणारे चेहरे, श्वासासाठीची ती तडफड आपल्याला दाखवतो, आणि जॅक मात्र आपलं दुखणं कवटाळून बसलेला. चूक बॉबची नव्हती, बायकोची होती, हे कळल्यावरच तो उठतो. बॉब खरंच दोषी असता तर? सगळ्यांना मरू दिलं असतं? या प्रश्नाकडे सिनेमा वळूनही बघत नाही, सगळं खापर बेसीच्या माथी मारून मोकळा होतो. मला हे अजिबात पटत नाही.

कारण या सिनेमाच्या जेमतेम वर्षभर आधी काय घडलं होतं बघा. १७ डिसेंबर १९२७, अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळचा समुद्र. तटरक्षक दलाच्या ‘पॉल्डिंग’ जहाजाची धडक बसून एस-४ पाणबुडी ४० जणांसह तळाला गेली. दुसऱ्या दिवशी टॉम ईडी हा पाणबुड्या खाली उतरला, बाहेरून ठोकत ठोकत पुढच्या टॉर्पेडो रूमपर्यंत गेला. आतून ठोके आले. सहा. सहा जण जिवंत होते! त्यांनी ठोक्यांच्याच भाषेत विचारलं, “काही आशा आहे का?”

समुद्र खवळलेला. फ्रेड मिशेल्स हा दुसरा पाणबुड्या पाणबुडीला हवेची नळी जोडायला १०२ फूट खाली गेला आणि तिथेच अडकला. ईडी त्या दिवशी एकदा जाऊन आलेला, तरी तो लगेच पुन्हा उतरला. दोन तास झुंजून त्याने मिशेल्सला जिवंत वर आणलं. त्याबद्दल ईडीला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं. त्या सहा जणांना मात्र कुणी वाचवू शकलं नाही.

सिनेमात जॅक शेवटी खाली जातो, हवेची नळी जोडतो, आतली माणसं वाचतात. तो प्रसंग कॅप्राने जीव ओतून केलाय, डोळ्यांत पाणी येतं. पण काल ती नळी जोडली जाताना मला जॅक दिसतच नव्हता. ते सहा ठोकेच मनात वाजत होते.