कढीपत्ता अळ्यांना खाऊ द्या

मुलांना फुलपाखरे दाखवायची म्हणून बागेत सदाफुली, झेंडू, घाणेरी, पेंटास लावणारे पालक पुष्कळ भेटतात. फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे, पण मध पिऊन ती निघून जातात. ती आपल्या बागेत जन्माला यावीत असे वाटत असेल, तर अळ्यांना खायला पाने हवीत, आणि अळीच्या खाण्यापिण्याचे नखरे फार असतात. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या अळ्यांना लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातली झाडे लागतात, प्लेन टायगरला रुई, टॉनी कोस्टरला कृष्णकमळ, टेल्ड जेला सीताफळ किंवा हिरवा अशोक. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळावर वाढते. म्हणून माझे मत असे, की मुलांसोबत हा नाद लावून घ्यायचा असेल तर सुरुवात कढीपत्त्याच्या कुंडीने करावी आणि तिची पाने कुरतडली जाणार हे आधीच मान्य करावे.

आमच्या घरी हे मान्य व्हायला वेळ लागला. फोडणीच्या पानांवर अळ्या पोसायच्या, हे माझ्या आईला पटण्यासारखे नव्हतेच. शेवटी स्वयंपाकासाठी वेगळी कुंडी आली आणि वाद मिटला. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते, त्यामुळे नवे रोप काही आठवडे तसेच ठेवून नवी पालवी फुटू द्यावी, हेही जाता जाता सांगतो.

लाइम बटरफ्लायची मादी पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी त्याची चव घेते आणि कोवळ्या पालवीवर मोहरीहूनही लहान, फिकट पिवळे एकच अंडे चिकटवून पुढे जाते. तीन-चार दिवसांत बाहेर आलेली अळी आधी अंड्याचे कवच खाते. पहिले काही दिवस ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि मग एका कातीनंतर अचानक हिरवीगार होते. माझ्या मुलीने तिला गवताच्या काडीने डिवचले, तेव्हा डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर आले आणि उग्र वास सुटला. मुलगी दचकून मागे सरली आणि लगेच म्हणाली, ‘बाबा, अजून एकदा करू?’ मी नको म्हटले, कारण अळीला हा खेळ वाटत नसतो.

अळ्या घरात जाळीच्या डब्यात वाढवण्याला माझा विरोध नाही. एखादी अळी आत आणावी, रोज ताजी पाने द्यावीत, विष्ठा झाडून काढावी आणि कोषासाठी आत एक उभी काडी ठेवावी. मात्र दिसेल ती अळी ‘वाचवण्यासाठी’ डब्यात भरणे मला पटत नाही. आमच्या झाडावरचा एक कोष तपकिरी पडून तसाच राहिला आणि एके दिवशी त्याला सुईने पाडावे तसे भोक पडून आतून इवल्याशा गांधीलमाश्या निघाल्या. या परजीवी माश्या ताज्या, मऊ कोषातच अंडी घालतात. मुलगी त्या दिवशी रडली. माझ्या एका मित्राचे म्हणणे, की असले प्रकार मुलांपासून लपवावेत. मला ते मुळीच मान्य नाही. फुलपाखरू इतकी अंडी का घालते, या तिच्याच जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या भोकात होते, आणि ते मी तिला तिथेच, झाडाजवळ बसून सांगितले. त्यानंतर तिने डबा मागितला नाही. शाळेतून आल्यावर ती पाने उलटून पाहते आणि अंडी दिसली की फांदीला लोकरीचा धागा बांधते, म्हणजे आजीने ती फांदी तोडू नये.