शोरूममधला हात कोरडा असतो

घरगुती यंत्रांच्या कंपनीत, तेही डिझाइन विभागात नोकरी लागली? अभिनंदन. आता एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढे बढतीला अडचण येणार नाही. तुमचे यंत्र ज्या घरात पुढची आठ-दहा वर्षे काढणार आहे, ते घर तुमच्या खिजगणतीत असता कामा नये. यंत्र विकले जाते शोरूममध्ये. दसऱ्याच्या आदल्या रविवारी, एसीच्या गारव्यात, नवरा-बायको आणि ‘मला यातलं कळतं’ म्हणून सोबत आलेला मेहुणा यांच्यासमोर. त्या दहा-पंधरा मिनिटांत ते शोभले की झाले. बिल फाडले की तुमचा संबंध संपला.

शोरूममध्ये ग्राहकाचा हात कोरडा असतो, हे सगळ्याचे मूळ. म्हणून इंडक्शन शेगडीला बटणे देऊ नका. गुळगुळीत काळी काच द्या आणि तिच्यावर बोट टेकवले की चालणारी चिन्हे. ग्राहक बोट टेकवतो, शेगडी ‘टुंक’ करते, मेहुणा म्हणतो, ‘भारी आहे!’ काम फत्ते. ही चिन्हे बोटामुळे विद्युतभारात पडणारा फरक ओळखतात आणि काचेवर सांडलेले पाणीही असाच फरक पाडते, हे तुम्हाला कॉलेजात शिकवले असेल. विसरा. दूध उतू गेले की ते त्या चिन्हांवरच पसरणार. शेगडीला ते एकदम पाच-सहा बोटांसारखे वाटणार, आणि कणकेच्या हाताने धावत आलेल्या बाईचे खरे बोट मात्र तिला ओळखू येणार नाही. गॅसचे बटण बघावेही लागत नाही, फोनवर बोलता बोलता हात बरोबर तिथे जातो. असल्या यंत्राने माणूस सोकावतो.

आचेचेही तसेच. आपल्याकडे मंद, मध्यम आणि मोठी अशा तीन आचा पिढ्यान्‌पिढ्या पुरल्या. तुम्ही ‘डोसा’, ‘करी’, ‘इडली’ अशी चिन्हे द्या आणि शेजारी बाराशे, सोळाशे असे वॉटचे आकडे. पोह्यांना वाफ आणायला करी दाबायचे की बाराशे, हा विचार करण्यात पोहे खाली लागले तर ती शेगडीची चूक कशी? स्वस्तातल्या शेगडीत तर आणखी मजा आणता येते. मंद आच मागितली की तिने खरोखर मंद होण्याची गरज नाही. काही सेकंद जोरात तापायचे, मग गप्प बसायचे, पुन्हा जोरात तापायचे. सरासरी काढली तर आच मंदच भरते. बासुंदीला सरासरी कळत नाही, हा बासुंदीचा अडाणीपणा.

शोरूममध्ये उजेडही भरपूर असतो. झोपायची खोली तिथे नसते. म्हणून प्रत्येक वस्तूला एक दिवा हवाच, आणि तो निळा हवा. लाल एलईडी १९६२ पासून आहे, पण झगझगीत निळा मिळायला आणखी तीसेक वर्षे गेली. तो मिळवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्यामुळे पांढऱ्या एलईडीची वाट मोकळी झाली, घराघरांत विजेची बचत झाली वगैरे कारणे नोबेल समितीने दिली होती, पण आपल्याला त्याचा वेगळा उपयोग आहे. राउटर, एक्स्टेन्शन बोर्ड, स्पीकर, चार्जर, डास पळवायचे यंत्र, सगळ्यांना एकेक निळा डोळा बसवा. रात्री दिवे मालवले की खोलीत विमानतळाची धावपट्टी उतरली पाहिजे. बायका त्यावर टिकली चिकटवतात, पुरुष काळी टेप. त्यांना दोष देऊ नका. पुढच्या मॉडेलमध्ये दिवा टिकलीपेक्षा मोठा करा.

आवाजाचा मुद्दा थोडक्यात. शोरूममध्ये गोंगाट असतो, त्यामुळे पीप मोठी ठेवा आणि बंद करायची सोय ठेवू नका. मायक्रोवेव्हने दूध गरम झाल्याचे एकदा सांगून थांबू नये. रात्री दोन वाजता तान्ह्या बाळासाठी ते दूध तापवले जात असेल तर पाच वेळा सांगावे, म्हणजे बाळालाही कळेल.

आता रिमोट. इथे जरा इतिहास माहीत असलेला बरा, कारण आपले पूर्वज फार भाबडे होते. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये टीव्हीसाठी प्रकाशाच्या झोतावर चालणारा रिमोट काढला. उन्हाची तिरीप पडली तरी टीव्ही आपोआप चॅनेल बदलू लागला. ही उमेद वाखाणण्यासारखी होती, पण त्यांनी ती टिकवली नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांच्या कल्पनेतून नवा रिमोट आला. त्यात फक्त चार बटणे. बटण दाबले की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. सेल नाहीत. म्हणजे सेल बदलणे नाही, रिमोट तळहातावर आपटणे नाही, घड्याळातले सेल काढून रिमोटमध्ये घालणे नाही. अशाने घरातली माणसे एकमेकांशी बोलणार कधी?

तुम्ही किमान चाळीस बटणे द्या, सगळी काळ्यावर काळी. त्यातली चार मात्र मोठी, रंगीत आणि अंगठ्याखाली येतील अशी करा. ती ग्राहकासाठी नाहीत. ती ॲपवाल्या कंपन्यांची आहेत आणि त्या जागेचे पैसे मोजतात, तेव्हा त्यांचा मान आधी. टीव्हीने चित्र कुठून घ्यायचे ते ठरवणारे ‘सोर्स’चे बटण आवाजाच्या बटणाला खेटून ठेवा. आजी मालिका बघताना आवाज वाढवायला जाते, पडदा निळा होतो, ‘नो सिग्नल’ अशी पाटी इकडून तिकडे फिरू लागते. आजी पुण्याच्या भाच्याला फोन करते. तो म्हणतो, ‘मावशी, एचडीएमआय वन कर.’ मावशी म्हणते, ‘अरे, ते कुठाय?’ त्यातच सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा, त्यालाही चालू-बंदचे बटण, आणि एक चालू केले की दुसरे बंद होते. भाच्याने एरवी वर्षभर मावशीला फोन केला नसता. नाती टिकवण्याचे हे काम आपण कसलीही जाहिरात न करता करत असतो.

रिमोट नसलेली वस्तू घरात उरणे हा तुमचा पराभव समजा. आजवर पंखा तेवढा सुटला होता. भिंतीवर रेग्युलेटर, त्याला पाच आकडे, अंधारात चाचपून फिरवता यायचा आणि हरवायचा प्रश्नच नाही. पण बीएलडीसी नावाच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा आला आणि आपली सोय झाली. जुना पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास वीज खातो, हा तीस-पस्तीसमध्ये भागवतो, त्यामुळे शहाणा ग्राहक तो घेणारच. त्याच्याबरोबर रिमोट गळ्यात मारा आणि जुना रेग्युलेटर काढून टाकायला लावा. पहाटे थंडी वाजू लागली की तो कॉटखाली, गादीत, मुलाच्या दप्तरात रिमोट शोधेल. सापडला नाही तर मुकाट्याने पांघरूण घेईल. विजेची बचत होतेच आहे.

टिकाऊपणाबद्दल कोणी विचारले तर नम्रपणे विषय बदला. जिनिव्हात १९२४ मध्ये जगातल्या बड्या बल्बवाल्यांनी एकत्र येऊन बल्बचे आयुष्य हजार तासांवर बेतले आणि मर्यादा मोडणाऱ्या सभासदाला दंडही ठेवला. केवढा खटाटोप! आपल्याला करार लागत नाही, गोंद पुरतो. बॅटरी आत चिकटवून टाका. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले खरे, पण गोंदावर अजून त्यात काही उपाय नाही.

चार्जिंगच्या बाबतीत मोठ्यांकडून शिका. ॲपलने २०१५ मध्ये जो माउस काढला त्याचे चार्जिंगचे भोक पोटाखाली आहे. चार्जिंग चालू असेल तेव्हा माउस उताणा पडून असतो आणि काम थांबते. २०२४ मध्ये त्यांनी त्या भोकाचा प्रकार बदलून टाइप-सी केला, जागा मात्र हलवली नाही. निष्ठा म्हणतात ती ही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरा, हेडफोन वगैरेंना एकच टाइप-सी सक्तीचे केले, म्हणून खचून जाऊ नका. त्या यादीत ट्रिमर नाही. तिथे अजूनही आपल्याला हवी तशी बारीक गोल पिन देता येते, शेजारच्या कंपनीपेक्षा केसभर जाड.

शेवटी मॉडेल क्रमांकाचे लेबल. तक्रार नोंदवायला फोन केला की सर्व्हिस सेंटर आधी तोच मागते, तेव्हा तो समोर छापून आपल्याच माणसांचे काम वाढवू नका. वॉशिंग मशीनच्या मागच्या बाजूला, नळाच्या पाइपाआड, करड्यावर करड्या अक्षरांत चिकटवा. मशीन भिंतीला टेकलेले असते आणि पाण्याने भरले असेल तर ते दोघांनाही हलत नाही. ग्राहक फटीत हात घालून मोबाइलने फोटो काढेल आणि तो मोठा करून वाचेल. फोनवाल्यांनी कॅमेरा चांगला दिलेला आहे. सगळ्याच सोयी आपण द्यायच्या असे कुठे आहे?