साडेआठ तासांचं सोपं जेवण

"सकाळी सगळं भांड्यात टाका आणि विसरून जा. संध्याकाळी जेवण तयार!" स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद आचेने तासन्‌तास शिजवणारं भांडं; त्यातल्या बीफच्या पाककृतीच्या माथ्यावर हे वाक्य हमखास असतं. ते लिहिणारा माणूस एकटा राहत असावा, असा माझा दाट संशय आहे. भरल्या घरात, सकाळपासून मांसाचा वास दरवळत असताना विसरून जाणं ही योगसाधना झाली, स्वयंपाक नव्हे. शिवाय भांड्यात टाकायच्या आधी पाऊण तासाचं काम असतं आणि तयार व्हायच्या आधी अर्ध्या तासाची पळापळ. मधले आठ तास खरंच काही करायचं नसतं. माणसाला सगळ्यात अवघड जातं ते तेच.

घोडं पेंड खातं ते मांस निवडतानाच. घरच्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचं म्हणून आपण लालभडक, गुळगुळीत, चरबीचा डागही नसलेला महागडा तुकडा उचलतो. तो तुकडा झटपट भाजून खायचा. आठ तास शिजवला की त्याचा भुसा होतो, आणि वर ग्रेव्ही ओतली की ओला भुसा. मंद आचेला लागतो तो जनावराच्या कष्टकरी अवयवांचा माल: खांद्याचा चक, छातीचं ब्रिस्केट नाहीतर पिंढरीचं शिन. ज्या स्नायूने जन्मभर वजन पेललं, त्यात कोलॅजेन हे धागे बांधून ठेवणारं चिवट प्रथिन भरपूर. तेच पुढे विरघळून जिलेटिन होतं आणि मांसाला मऊपणा, ग्रेव्हीला अंग देतं. स्वस्तातला तुकडा घेऊन वर शहाणंही ठरता येतं, असे प्रसंग संसारात फार येत नाहीत. संधी सोडू नये.

दीड किलोचा एकसंध तुकडा पाच-सहा जणांना पुरतो. कच्चा असताना तो दहा जणांचा वाटतो, पण शिजून साधारण तिसरा हिस्सा वजन घटतं. हा हिशेब आधी केला नाही, तर ऐनवेळी रांधणाऱ्याच्या वाट्याला गाजर येतं. वरची चरबी अर्धा सेंटिमीटर ठेवून बाकीची कापून टाकायची. पांढरा चकचकीत पापुद्रा दिसला, तर पातळ सुरीने सोलायचा. त्यात इलास्टिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं आणि ते किती तास शिजवलं तरी विरघळत नाही. तो तसाच राहिला, तर घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या ताटात जातो. कसा जातो कोण जाणे, पण तिथेच जातो.

मिठाचं सोपं आहे. चहाचे दोन सपाट चमचे, आदल्या रात्री चोळून तुकडा फ्रिजमध्ये उघडाच ठेवायचा. मीठ आत मुरतं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. या कोरडेपणाचं महत्त्व सकाळी कळतं.

कारण सकाळी परतायचं असतं. इथे आळशी मंडळी विचारतात, "कुकर शिजवणारच आहे, मग आधी परतायचं कशाला?" प्रश्न बिनतोड वाटतो, पण आहे खोटा. स्लो कुकरमध्ये पाणी असतं, त्यामुळे आतलं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. खरपूस रंग आणि चव ज्या रासायनिक क्रियेतून येते, तिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मैयार यांनी १९१२ मध्ये केलं. तिला जोर चढतो १४० अंशांच्या आसपास. न परतलेलं मांस शिजतं, मऊही होतं, पण रंग असा राखाडी येतो की पाहुण्यांना एकदम आठवतं, आपण निघताना थोडं खाऊन आलोय.

दुसऱ्या टोकाला विद्वान मंडळी असतात. ती सांगतात, परतल्यामुळे मांसाचा रस आत कोंडला जातो. ही समजूत १९व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी रूढ केली आणि ती अजून स्वयंपाकघरातून हटत नाही. परतलेला तुकडा पाच मिनिटं ताटलीत ठेवून बघा. खाली रसाचं तळं साचतं. कोंडलेला रस असा फिरायला बाहेर पडत नसतो. परतायचं ते चवीसाठी, बस्स.

जाड बुडाचं पॅन, दोन मोठे चमचे तेल, आणि तेलातून धूर निघू की नको असं झालं की तुकडा ठेवायचा. त्याआधी कागदाने टिपून कोरडा करायचा, नाहीतर तो भाजत नाही, स्वतःच्याच वाफेत उकडतो. प्रत्येक बाजू तीन ते चार मिनिटं. या वेळात त्याला हात लावायचा नाही. चिमट्याने उचलून बघितलं आणि तो चिकटलेला असेल, तर त्याचं अजून झालेलं नाही. खरपूस झाला की स्वतःहून सुटतो. ओढाल तर कवच पॅनला आणि राग तुम्हाला. चारी बाजू म्हणजे पंधरा मिनिटं झाली. एवढ्यात शेगडी, मागची भिंत आणि तुमचा चष्मा यांच्यावर तेलाचा बारीक शिडकावा झालेला असतो. सोप्या जेवणाचं पहिलं काम म्हणजे ओटा पुसणं.

मांस बाजूला काढून त्याच पॅनमध्ये दोन कांदे मोठे चिरून, चार लसूण पाकळ्या आणि एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. पेस्टचा रंग विटकरी होईपर्यंत परतायची, म्हणजे तिचा कच्चा आंबटपणा जातो. मग अर्धा कप स्टॉक (हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी) ओतून लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा. तळाला चिकटलेला तो तपकिरी थर म्हणजे ग्रेव्हीचा अर्धा जीव. कुणी मदतीच्या भरात ते पॅन घासायला घेतलं, तर नात्यागोत्याचा विचार न करता हिसकावून घ्यावं.

भांड्यात तळाशी बटाटे आणि गाजरं, चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करून, आणि मांस वर. हा क्रम उलटा वाटतो. वाटेना का. भाजीच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि मंद आचेच्या भांड्यात तिथवर पोचायला वेळ लागतो. टोमॅटोसारखा आंबट पदार्थ जास्त झाला, तर पेक्टिन आणखीच हट्टाला पेटतं. म्हणून मांस चमच्याने तुटतंय आणि गाजर मात्र कडकड वाजतंय, असा चमत्कार घडतो. पॅनमधला कांदा आणि रस त्यावर ओतायचा, दोन तमालपत्रं, थोडं थाइम, एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, की झालं. मसाल्यांत यापेक्षा जास्त डोकं घालण्यात अर्थ नाही. आठ तासांत सगळे एकमेकांत मिसळून जातात आणि तुमची कलाकुसर कुणाच्या लक्षात येत नाही.

पाण्याचं मात्र भांडण ठरलेलं. सगळा मिळून द्रवपदार्थ एक कप, फार तर सव्वा. "एवढंच? करपेल ना!" असं म्हणत कुणीतरी दुसरा कप ओततंच. पण घट्ट झाकणाखाली वाफ जवळजवळ बाहेर जात नाही आणि मांस स्वतःचं पाणी सोडतं ते वेगळंच. सकाळी एक कप घातलेला रस संध्याकाळी दोन-सव्वादोन कप भरतो. मांस बुडेल इतकं पाणी घालाल, तर मांसाची आंघोळ होईल आणि ग्रेव्हीच्या जागी त्या आंघोळीचं पाणी मिळेल. भांडं निम्म्याहून जास्त आणि पाऊण भागापेक्षा कमी भरलेलं असावं. आणि फ्रीजरमधला दगड तसाच आत टाकायचा नाही. बर्फ वितळेपर्यंत मांस ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतं, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं.

मग बटण दाबायचं. मंद आचेवर आठ ते नऊ तास, जास्त आचेवर पाच ते सहा. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही आचा शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, फरक पडतो तो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळात. दिसायला हे यंत्र गोगलगाय आणि पोटात पाय. मुळात ते बीफसाठी नव्हतंच. अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं आणि आधी त्याची विक्री झाली ती घेवडे शिजवायचं भांडं म्हणून. कल्पनेचं मूळ त्यांच्या आईने सांगितलेल्या लिथुआनियातल्या आठवणीत होतं. ज्यूंच्या शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या आधी घराघरांतली चोलंटची (मांस-घेवड्याच्या रश्श्याची) भांडी गावच्या बेकरीच्या भट्टीत जायची आणि निवत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर शिजायची. पुढे १९७१ मध्ये हेच यंत्र क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं आणि घरोघरी पोचलं. आता गंमत अशी की बेकरीतल्या भांड्याचं झाकण मधेच उघडून बघायची कुणाची टाप नव्हती. यंत्र मात्र आपल्याच ओट्यावर, आणि त्याला झाकण काचेचं. काचेवर वाफ धरते, आतलं काही दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट उघडून बघणं हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे.

प्रत्येक वेळी झाकण उघडलं की साठलेली उष्णता निघून जाते आणि शिजायचा वेळ वीस ते तीस मिनिटांनी वाढतो. घरात पाच माणसं असतील आणि प्रत्येकाने "नुसतं बघतो" म्हणत एकदाच डोकावलं, तरी जेवण दोन तास पुढे गेलं. आणि उशीर झाला म्हणून सगळ्यात आधी ओरडणार तीच पाच माणसं. सांगून उपयोग नसतो. झाकणावर चिठ्ठी चिकटवली, तर ती वाचायला जवळ येतात आणि आलोच आहोत तर म्हणून उघडतात. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे हाताशी दुसरं काही खायला ठेवणं.

पाचव्या तासाला खरी परीक्षा होते. कुणीतरी काटा टोचून बघतं आणि जाहीर करतं, "चामडं झालंय. जास्त शिजलं." अगदी उलट. कमी शिजलंय. मांसाचे धागे लवकर आकसतात, ६०-६५ अंशांनाच पाणी पिळून टाकतात. त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेन मात्र ७० अंशांपुढे सावकाश विरघळतं. या दोन घटनांच्या मधल्या काळात मांस जितकं चिवट असतं, तितकं ना आधी असतं ना नंतर. नेमकं तेव्हाच चाखून कैक जणांनी कुकर बंद केला असेल, कैक तुकडे कुत्र्याला गेले असतील आणि कुत्र्यांनीही तोंड फिरवलं असेल. अशा वेळी झाकण लावून गप्प बसायचं. थर्मामीटर असेल तर मधोमध ९० ते ९५ अंश बघायचे. नसेल तर काटा खुपसून हलकं पिरगाळायचं. मांस विरोध न करता सुटलं की झालं. पण म्हणून बारा तास ठेवायचं नाही. तेव्हा धागे सुटे होतात, जीभ कोरडी पडते आणि दातांना दोन दिवसांचं काम मिळतं.

आता ग्रेव्ही. दिवसभर निवांत असलेल्या घराला या अर्ध्या तासात लगीनघाई सुटते. मांस आणि भाज्या अलगद काढून फॉइलखाली झाकायच्या. रस गाळून उभट भांड्यात दहा मिनिटं स्थिर ठेवायचा, की चरबी वर येते. ती डावेने काढायची, एखादा चमचा चवीपुरता राहू द्यायचा. उरलेला रस मोजायचा. दोन कपांना दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, तीन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून. थंडच पाणी हवं. गरम रसात कोरडं पीठ पडलं की प्रत्येक गोळीचं बाहेरचं पीठ क्षणात फुगून कातडं धरतं आणि आतलं कोरडंच राहतं. त्यालाच आपण गुठळी म्हणतो, आणि पाहुणे फार सभ्य असतील तर डम्पलिंग म्हणतात. रसाला उकळी आली की पेस्ट धारेने ओतत ढवळायचं, मग मिनिट-दोन मिनिटं खदखदू द्यायचं. स्टार्च पुरता फुगायला उकळीजवळची आच लागते. त्याआधी "पातळच आहे की" म्हणून आणखी पीठ घालणाऱ्याला ताटात गेल्यावर थापता येईल अशी ग्रेव्ही मिळते. शिवाय निवल्यावर ती आणखी दाटते, म्हणून भांड्यात किंचित सैलच ठेवावी.

गुठळ्या झाल्याच तर गाळणी आहे. फिकी वाटली तर एक छोटा चमचा सोया सॉस, मिळमिळीत वाटली तर छोटा चमचाभर व्हिनेगर. खारट झाली तर बटाटा टाकायचा सल्ला सगळीकडून येईल. बटाटा खारट रस पितो, म्हणजे रसही जातो, पण उरलेला तितकाच खारट राहतो. बिनमिठाचा स्टॉक वाढवणं हाच उपाय. म्हणून सुरुवातीला स्टॉकही बिनमिठाचा घ्यावा आणि शेवटचं मीठ ग्रेव्ही दाट झाल्यावर चाखूनच घालावं.

काप धाग्यांना आडवे, बोटभर जाड. उभे कापलेत तर आठ तासांची तपश्चर्या दोरखंडासारखी चावावी लागेल. फार मऊ झालं असेल, तर सुरी ठेवून द्यावी आणि काट्याने मोठे लचके सोडवावेत. वर ग्रेव्ही ओतली की काय झालंय ते कळत नाही. पंगत बारा मिनिटांत उठते. "सोपं होतं ना?" असं कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा हमखास तोच असतो, ज्याने दोनदा झाकण उघडलेलं असतं.

उरलंच, तर दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावं. तीन-चार दिवस टिकतं. कुकरचं चिनीमातीचं भांडं तसंच्या तसं फ्रिजमध्ये सरकवू नये, दुसऱ्या दिवशी तापवताना ते तडकू शकतं. थंड मांसाचे काप सुबक पडतात, रसाची थरथरती जेली होते आणि ती बघून घाबरायचं कारण नाही. ते जिलेटिनच आहे. पुन्हा गरम करायला मात्र स्लो कुकर नको, तो गरम व्हायलाच फार वेळ घेतो. पातेल्यात घालून शेगडीवर चांगलं वाफाळेपर्यंत तापवावं, मधूनमधून ढवळावं. या वेळी झाकण ज्याला जितक्यांदा उघडायचं असेल, त्याने तितक्यांदा खुशाल उघडावं.